निरभ्र आभाळातली तडतड: विद्युतचुंबकीय क्षेत्रं ऐकणाऱ्यांसाठी धागा

रातकिडी

गेल्या महिन्यात एका रात्री वीज गेली तेव्हा मी गच्चीवर बसले होते. कानांवर हेडफोन आणि मांडीवर तांब्याच्या तारेचं, सायकलच्या चाकाएवढं वेटोळं. तोवर तासभर नुसतं 'घूंऽऽऽ' ऐकत होते. भिंतीतल्या वायरी, पंपाची मोटर, खालच्या मजल्यावरचे चार्जर, सगळ्यांनी मिळून एकच जाडाभरडा सूर धरला होता. दिवे गेले आणि तो सूर मध्येच तुटला. मागे उरली बारीक तडतड. ओलसर काटक्या पेटवल्यावर होते तशी, कधी एकेकटी, कधी मूठभर एकदम. वर पाहिलं तर ढगाचा पत्ता नाही.

ती तडतड विजांची होती. दिसत नव्हत्या, कारण पडत होत्या शेकडो, कदाचित हजारो किलोमीटरवर.

वीज पडते तेव्हा प्रकाश आणि गडगडाटाबरोबर रेडिओलहरीही निघतात आणि त्यांतला मोठा भाग काही किलोहर्ट्झचा असतो. आपला कान साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकतो. म्हणजे वारंवारता कानाच्या टप्प्यातलीच, पण इथे हवा हलत नाही, विद्युतचुंबकीय क्षेत्र हलतं, आणि त्यासाठी आपल्याकडे इंद्रिय नाही. तारेच्या वेटोळ्याला मात्र ते कळतं. त्यात किंचित प्रवाह खेळतो, अँप्लिफायर तो मोठा करतो, हेडफोनचा पडदा हवा हलवतो. मध्ये कुठे वेग वाढवलेला नाही, सूर चढवलेला नाही. जे आहे ते असंच्या असं. मला या गोष्टीने अक्षरशः वेड लावलंय.

या लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत उड्या मारत फार लांब जातात. उपग्रहांच्या मोजणीप्रमाणे जगभरात सेकंदाला सरासरी ४४ वेळा वीज चमकते, त्यामुळे हे दुकान कधी बंद नसतं. या तडतडीला स्फेरिक्स म्हणतात. रात्री त्यातल्याच काहींना शेपूट फुटतं, ताणलेल्या तारेला टिचकी मारल्यासारखं 'ट्यूं' होतं, ते ट्वीक. आणि सगळ्यात दुर्मीळ म्हणजे व्हिसलर: एक-दोन सेकंद चालणारी, वरून खाली घसरत जाणारी शीळ. ती मी अजून स्वतःच्या कॉइलवर ऐकलेली नाही, फक्त इतरांच्या रेकॉर्डिंगमध्ये.

ध्वनिकलेतली माणसं या प्रांतात बरीच आधी येऊन गेलीत. अमेरिकन संगीतकार अल्विन लुसिए १९८१ साली कोलोरॅडोच्या डोंगरात रात्री अँटेना लावून बसला आणि जे आलं ते जवळपास तसंच त्याने 'स्फेरिक्स' नावाने मांडलं. जर्मनीची क्रिस्टिना कुबिश २००४पासून लोकांना खास हेडफोन देऊन शहरात फिरवते. हेडफोनमध्येच कॉइल, त्यामुळे एटीएम, दुकानांची सुरक्षा-दारं, ट्राम, सगळं ऐकू येतं. मला मात्र उलट्या दिशेला जायचंय, माणसाच्या वायरी संपतात तिथे.

इथे कुणी हे उद्योग केलेत का? काय ऐकलंत? आणि याला कला म्हणायचं का नुसतं मोजमाप?

वाचनमात्र

वाचतोय. खूण साठवली.

नवा गडी

भारी! फोनला वायर जोडून होईल का? माझ्याकडे जुन्या स्पीकरमधली कॉइल आहे.

ओम_चा_नियम

@नवा गडी, होईल, पण फोन स्वतःच इतका बडबड्या असतो की त्याचीच किरकिर ऐकत बसाल. सुटा रेकॉर्डर घ्या, बॅटरीवर चालणारा. स्पीकरची कॉइल फार लहान आणि वेढे कमी. मीटरभर बाजूची लाकडी चौकट करा, तिच्यावर इनॅमलची तांब्याची तार ५० ते १०० वेढे गुंडाळा आणि बॅटरीवरच्या माइक प्रीअँपला जोडा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवला तर २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडतो, आपल्याला तेवढं पुष्कळ.

चौकट उभी धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात घूं एकदम बसतो. तिथेच थांबा.

रातकिडी, तुमच्या 'ट्यूं'बद्दल थोडं. दिवसा ते का येत नाही याचं उत्तर सोपं आहे. दिवसा आयनांबराचा खालचा थर उन्हामुळे जाड होतो आणि लहर गिळतो. रात्री तो थर विरतो, छत उंच आणि बऱ्यापैकी गुळगुळीत होतं, साधारण ८५ ते ९० किलोमीटरवर. जमीन आणि छत यांच्यात लहरीची निदान अर्धी लांबी बसली तरच त्या प्रकारे ती पुढे सरकते. गणित तोंडी होतं: लहरीचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, भागिले (२ × ८५), म्हणजे साधारण १,७६५ हर्ट्झ. त्याच्या वरचे सूर लवकर पोचतात, जे या आकड्याला अगदी खेटून आहेत ते रेंगाळतात. रेंगाळणारं शेपूट म्हणजे तुमचा ट्यूं.

मंद्रसप्तक

ओम, जरा थांबा. १,७६५? मी पेटीवाला माणूस. १,७६० म्हणजे पांढरी सहा, ४४०च्या बरोब्बर दोन सप्तकं वर! म्हणजे प्रत्येक ट्वीक घसरत येऊन पांढरी सहाला टेकतो?

ओम_चा_नियम

छत ८५वर असेल तर हो, जवळजवळ. ९०वर गेलं तर १,६६७.

मंद्रसप्तक

म्हणजे काळी चार. पाच किलोमीटर छत वर गेलं की षड्ज अर्धा सूर उतरतो. झोप उडाली राव माझी. तानपुरा लावावा तसं आयनांबर रात्रभर लागतंय-उतरतंय, आणि मी इतकी वर्षं पेटी बेसूर झाली म्हणून हवेच्या नावाने बोटं मोडतोय.

शंकासुर

वातावरण भारावतंय म्हणून एक खडा टाकतो. :)

या विषयाच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या जातात. एक, रातकिडी सांगतायत ती: लहर आहे तशी कानापर्यंत आणणं. दुसरी, लहर खरी पण कानाच्या टप्प्याबाहेरची, म्हणून रेकॉर्डिंग पळवून किंवा रेंगाळवून ऐकवणं. तिसरी, आकडे घेऊन त्यांवर आपल्या पसंतीचे आवाज चढवणं. तिसऱ्या प्रकारात तुम्ही शेअर बाजाराचा आलेख घातलात तरी बासरी वाजते.

उदाहरण. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये 'पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा भीतिदायक आवाज' म्हणून एक क्लिप सगळीकडे फिरली. युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'स्वॉर्म' उपग्रहांची मोजमापं वापरून डेन्मार्कमधल्या मंडळींनी ती तयार केली होती, आणि कोपनहेगनच्या एका चौकात जमिनीत पुरलेल्या ३२ स्पीकरांवर वाजवली. करणाऱ्यांनी लपवलं काही नव्हतं. लाकूड करकरणं, दगड कोसळणं असे नैसर्गिक आवाज घेऊन ते आकड्यांनुसार वळवले होते. पण कायप्पावर पोचेपर्यंत त्याचं झालं 'शास्त्रज्ञांनी पृथ्वीची किंकाळी ऐकली'. करकर लाकडाची होती हो!

रातकिडी

@शंकासुर, फरक मान्य. पण तिसरा प्रकार सरसकट मोडीत काढू नका. त्या ३२ स्पीकरांत प्रत्येक स्पीकर जगातल्या एकेका जागेसाठी होता. चौकात उभं राहून क्षेत्र कुठे कसं डोलतंय हे अंगाने कळणं, हे काही कमी नाही. नकाशातला समुद्र निळा रंगवला म्हणून नकाशा खोटा ठरत नाही.

शंकासुर

नकाशा खोटा नाही ठरत. पण कुणी नकाशा चाटून 'समुद्र खारट नाहीच' म्हणायला लागलं तर मी बोलणार.

वाचनमात्र

:)) +१

बिनतारी काका

मी आयुष्यभर जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होतो. तुमच्या या तडतडीला आम्ही क्यूआरएन म्हणायचो आणि शिव्या घालायचो. समोरचा मोर्समध्ये काहीतरी महत्त्वाचं पाठवतोय आणि मध्येच 'चर्र्र'. तीच तडतड लोक हौसेने गच्चीवर बसून ऐकतात हे वाचून गंमत वाटली. असो.

थोडा जुना इतिहास सांगतो, तुमच्या पिढीला आवडेल. ग्रॅहम बेलचा मदतनीस थॉमस वॉटसन. १८७६ साली बॉस्टनमध्ये त्यांनी प्रयोगासाठी साधारण अर्ध्या मैलाची टेलिफोनची तार टाकली होती. रात्री काम संपलं की हा गडी रिसीव्हर कानाला लावून तासन् तास बसायचा. कुणी बोलत नसे तरी आवाज यायचे: टचकन तुटल्यासारखे, खरवडल्यासारखे, मध्येच पाखराची चिवचिव. सूर्यावर स्फोट होत असतील नाहीतर दुसऱ्या ग्रहावरून कुणी संदेश पाठवत असेल, असा त्याचा तर्क. पण त्याचं भाग्य बघा. त्या वेळी घरोघरी वीज नव्हती, रस्त्यावर विजेची तार नव्हती, घूं नव्हताच. आज तेवढी शांत तार मिळवायला तुम्हाला डोंगर चढावा लागतो.

पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन बाजूने हाइनरिक बार्कहाउझन शत्रूचे फील्ड टेलिफोन चोरून ऐकायचं तंत्र बसवत होता. जमिनीत धातूचे खुंट, त्यांना अँप्लिफायर. हेरगिरी करायला बसलेल्यांना मध्येच घसरती शीळ ऐकू यायची. आघाडीवरचे सैनिक म्हणायचे, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. बार्कहाउझनने १९१९मध्ये त्यावर लिहिलं. पण ही शीळ नेमकी कशी तयार होते याचा नीट उलगडा झाला १९५३ साली, केंब्रिजच्या ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाकडून. विजेतून निघालेली लहर पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून अवकाशात हजारो किलोमीटर वर जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. वाटेत वरचे सूर पुढे पळतात, खालचे मागे पडतात. निघताना जो एक 'टच्' होता तो पोचताना ताणून शीळ झालेला असतो.

आणि यातून त्याच्या हाती काय लागलं? इतक्या उंचीवर इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी दाट असल्याशिवाय शीळ अशी ताणलीच जाणार नाही. १९५३. अजून एकही उपग्रह वर गेलेला नव्हता. कानाने अवकाश मोजलं म्हणा ना.

मंद्रसप्तक

काका, साष्टांग दंडवत. ही तर मींड झाली. तार सप्तकातून निघून मंद्रापर्यंत, एका दमात, आणि गाणारा आहे हजारो किलोमीटर लांबीचा.

नवा गडी

काका, मग मला शीळ कधी ऐकू येईल? गेले तीन दिवस बसतोय.

ओम_चा_नियम

विषुववृत्ताच्या जितके जवळ तितक्या शिळा कमी. मधल्या आणि वरच्या अक्षांशांवर जास्त. पहाटेच्या आधीचे दोन-तीन तास बरे. सूर्यावर काही घडून चुंबकीय वादळ आलं असेल तर नशीब उघडतं. वरच्या अक्षांशांवर पहाटे 'कोरस' नावाचा प्रकार येतो: वर चढणाऱ्या चिवचिवाटांची गर्दी, जागं होणारं रान जसं. ते विजेचं नसतं, पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचं असतं. नासाच्या व्हॅन ॲलन जुळ्या यानांनी २०१२मध्ये तिथे जाऊन तेच टिपलं. ते जरूर ऐका, पक्षी नाहीत हे पटत नाही.

ट्वीक मात्र विषुववृत्ताजवळही रात्री सर्रास येतात. तेवढ्यावर खूश राहा आधी.

नवा गडी

मला काहीतरी सापडलंय!! शीळ नाही, पण दर सेकंदाला एक 'टिक्'. अगदी काट्यावर. तासभर रेकॉर्ड केलं, एकदाही चुकला नाही. पल्सार असेल का, तो ठरावीक वेळाने रेडिओठोके देणारा तारा? कुठे कळवायचं असतं?

शंकासुर

दर सेकंदाला, काट्यावर. मनगटावर काय आहे?

नवा गडी

…

घड्याळ.

ओम_चा_नियम

क्वार्ट्झ घड्याळाची इवलीशी मोटर सेकंदाला एक ठोका देते, कॉइलला तो छान ऐकू येतो. लाजू नका, प्रत्येकाचं होतं. मी एकदा पूर्ण रात्र टोपीवरच्या एलईडी दिव्याची शिट्टी रेकॉर्ड करून घरी आणली होती. फार सुंदर होती. वारा असेल तर आणखी एक फसवणूक: चौकट थरथरली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात कॉइल हलते आणि खर्जात गुरगुर येते. चौकटीला दगडांचा आधार द्या.

पाणकोंबडी

विषय 'निसर्गातली क्षेत्रं' आहे म्हणून माझी भर. आकाशाकडे न बघता मी पाण्यात बघते.

माझ्याकडे ब्लॅक घोस्ट नाइफफिश आहे. काळी, मखमली, शेपटीवर दोन पांढरे पट्टे, दिवसभर नळीत लपून बसते. दक्षिण अमेरिकेतल्या गढूळ नद्यांची ही मासोळी. गढुळात डोळ्यांचा काय उपयोग, म्हणून ती स्वतःभोवती विजेचं क्षेत्र तयार करते आणि त्यात काय हललं ते कातडीने ओळखते. टाकीत दोन स्टीलच्या सळ्या सोडल्या, बॅटरीवरच्या छोट्या अँपला जोडल्या, आणि स्पीकरमधून आला एक सलग, स्वच्छ सूर. हजार हर्ट्झच्या आसपास. ती झोपली तरी तो चालू. जेवताना चालू. या जातीत हा सूर जन्मापासून मरेपर्यंत थांबत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं अँपच बिघडलाय. सळ्या बाहेर काढल्या, गप्प. पुन्हा सोडल्या, पुन्हा सूर. मग ती नळीतून बाहेर आली, सळीजवळून सरकत गेली आणि आवाज मोठा होऊन परत लहान झाला. अंगावर काटा आला हो. तीन वर्षं ही बाई माझ्या बैठकीत गात होती आणि मला पत्ता नाही!

(सूचना: पाण्यात सळ्या सोडायच्या तर अँप बॅटरीवरचाच. मेनचा अजिबात नाही.)

मंद्रसप्तक

ताई, दोन मासे एकत्र ठेवलेत तर? जवळजवळचे दोन सूर आले की डोल येतो, 'वांव वांव'. आम्ही त्यावरच तारा जुळवतो.

पाणकोंबडी

माझ्याकडे एकच आहे, त्या एकमेकींशी भांडतात. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रात आहे. काचमाशाच्या जातीत, आयगेनमानियात, दोघांचे सूर फार जवळ आले की दोघेही आपापला सूर बाजूला सरकवतात. खालचा आणखी खाली, वरचा आणखी वर. तो डोल त्यांना आंधळं करतो ना, स्वतःचं क्षेत्र वाचता येत नाही. जपानी संशोधकांनी १९६३मध्येच हे नोंदलंय. तुम्ही डोल नाहीसा करायला सूर जवळ आणता, मासे लांब नेतात.

मंद्रसप्तक

माझ्या काही साथीदारांची आठवण झाली. नावं घेत नाही.

शंकासुर

पाणकोंबडीताईंचं उदाहरण आवडलं, कारण यात मधे कुणी नाही. मासा, सळी, स्पीकर. एवढंच. फक्त एक बारकावा: ही लहर विजेसारखी लांब प्रवास करत नाही. माशाच्या अंगालगतचं क्षेत्र आहे, थोड्या अंतरावर संपलं.

आता कुणीतरी झाडांचं गाणं आणणार याची वाट बघतोय.

हिरवळ

आलेच! माझ्याकडे ते झाडाला लावायचं यंत्र आहे. पानाला दोन चकत्या चिकटवल्या की मनीप्लांट इतकं शांत, सुरेल वाजवतं. पाणी घातलं की लय बदलते. माझ्या आईला रोज संध्याकाळी लावून देते. यात काय वाईट?

शंकासुर

वाईट काहीच नाही. आईंना आवडतंय तर लावाच. फक्त एक करून बघाल? पान काढून त्याच चकत्या ओल्या स्पंजला लावा.

हिरवळ

(दुसऱ्या दिवशी) लावलं. स्पंजही सुरेल वाजवतो. :( पाणी पिळलं तर लयही बदलते.

ओम_चा_नियम

हिरवळ, नाराज होऊ नका. ती चकती मोजते काय, तर दोन जागांमधून वीज किती सहज जाते. त्याच्या चढउतारावर यंत्रातलं सॉफ्टवेअर स्वर निवडतं, आणि स्वर आधीच अशा मोजक्या संचातून दिलेले असतात की काही केलं तरी बेसूर होऊ नये. म्हणून स्पंजही गवई.

झाडांत वीज नाही असं नाही हं. व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानातला विद्युतस्पंद बर्डन-सँडरसनने १८७३मध्येच मोजला होता. जगदीशचंद्र बोसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडांचे विद्युत प्रतिसाद टिपण्यात वर्षं घातली. पण ते स्पंद सावकाश असतात, एकेक सेकंदभर किंवा त्याहून लांबलेला. खरं ऐकायचं तर रेकॉर्डिंग पळवावं लागेल, आणि ऐकू येईल ते 'टुक… टुक'. शांत-सुरेल नाही.

हिरवळ

'टुक टुक' चालेल मला. कसं करायचं ते वेगळ्या धाग्यात लिहा ना.

सत्यशोधक७८३

सगळे मुख्य गोष्ट विसरताय. पृथ्वीचा स्वतःचा ठोका ७.८३ हर्ट्झ आहे. शूमान अनुनाद. रोज हेडफोनवर अर्धा तास ऐकला की शरीराचा पृथ्वीशी मेळ बसतो. मी ऐकतो, गाढ झोप लागते.

शंकासुर

झोप लागते ते उत्तमच. बाकीचं सुटं करू या.

शूमान अनुनाद खरा आहे. विन्फ्रीड शूमानने १९५२मध्ये गणिताने सांगितला, १९६०मध्ये तो मोजला गेला. जगभरच्या विजा पृथ्वी आणि आयनांबर यांच्यामधली पोकळी सतत छेडत असतात आणि पृथ्वीला वळसा घालून येणारी लहर स्वतःलाच भेटते. परीघ ४०,००० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेसात फेऱ्या, त्याच्याच जवळचा ७.८३. वर १४ आणि २०च्या आसपास आणखी आहेत. पण:

कान ७.८३ ऐकत नाही. बहुतेक हेडफोन तो धडपणे वाजवूही शकत नाहीत. तुमच्या फाइलमध्ये जे ऐकू येतं ते दुसरंच काहीतरी आहे, एखादा गोड खर्ज. आणि मूळ क्षेत्र इतकं क्षीण की पृथ्वीच्या स्थिर चुंबकीय क्षेत्राशी तुलना केली तर कोट्यवधी पटींनी लहान.

रातकिडी

भांडण पेटायच्या आत मी मध्ये पडते. :) सत्यशोधक, शूमान ऐकायचाच असेल तर खरा ऐकू या की. कॉइल बरीच मोठी लागेल, हजारो वेढ्यांची, आणि अगदी निवांत जागा. पण रेकॉर्डिंग १०० पट पळवलं तर ७.८३चा होतो ७८३ हर्ट्झ, आणि अख्खा तास ३६ सेकंदांत बसतो. तेव्हा जे ऐकू येतं ते एकसुरी गुणगुणणं नसतं, ती असते फुसफुस, जिच्यात मधूनमधून सूर जाणवतो. कारण छेडणाऱ्या विजा अनियमित. मला ती त्या गोड खर्जापेक्षा कितीतरी जास्त आवडते.

सत्यशोधक७८३

बघतो. लिंक असेल तर द्या.

बिनतारी काका

एक राहिलंच. वेटोळ्याऐवजी नुसती उभी सळी वापरणारेही आहेत. ती चुंबकीय नाही, विद्युत बाजू पकडते. मोकळा माळ लागतो, झाडाखाली बसलात तर झाड सगळं गिळून टाकतं. मी निवृत्तीनंतर एक केली होती, एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लावून. एका संध्याकाळी सळीत 'झ्यूंऽऽ' आला, वाढला, गेला, पुन्हा आला. अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी दिसला: डास. सळीभोवती घिरट्या घालत होता.

शंकासुर

काका, तो आवाज माइकमधून आला नसेल?

बिनतारी काका

माइक नव्हताच ना जोडलेला! पंख फडफडवताना कीटकाच्या अंगावर थोडा विद्युतभार साठतो. तो भार पंखाबरोबर हलला की सळीला कळतं.

पाणकोंबडी

काका, हे बरोबर आहे, आणि याचा पुढचा भाग तर अफाट आहे. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं की भुंग्यासारख्या बंबलबी माशा फुलांभोवतीचं विद्युत क्षेत्र ओळखतात. २०१६मध्ये कळलं की अंगावरची बारीक लव त्या क्षेत्राने हलते, तिच्यातून. आणि २०२२मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ मोजलं तर घोंगावणाऱ्या थव्यापाशी मीटरला १०० ते १,००० व्होल्ट. चांगल्या हवेत जमिनीलगत एरवी मीटरला १००च्या आसपास असतात, म्हणजे बघा.

तर आपण डासाचं क्षेत्र ऐकायला सळी उभी करतो, आणि बंबलबी फुलाचं क्षेत्र लवेने ऐकते. कलाकार कोण मग?

वाचनमात्र

हा धागा मासिकात छापा कुणीतरी. आणि व्हॉयेजर राहिलं, ते मी सांगतो, पहिल्यांदाच लांब लिहितोय. नासाचं व्हॉयेजर १ यान सूर्याच्या प्रभावळीबाहेर (सौरवाऱ्याने व्यापलेल्या बुडबुड्याबाहेर) पडलं ते ऑगस्ट २०१२मध्ये, पण ते पक्कं कळलं पुढच्या वर्षी, आवाजावरून. आयोवा विद्यापीठाच्या डॉन गर्नेट यांचं उपकरण यानावर होतं. २०१३च्या वसंतात भोवतालचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) सूर्यावरच्या एका स्फोटाच्या धक्क्याने थरथरला, अडीच किलोहर्ट्झच्या थोडं वर. कानाच्या टप्प्यातच! सूर जितका वर तितका प्लाझ्मा दाट, आणि ती दाटी प्रभावळीच्या बाहेरच्या थरातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. म्हणजे बाहेर पडलोय. गर्नेट यांच्याच रेकॉर्डिंगवरून २००२मध्ये क्रोनोस या तंतुवाद्य-चौकडीसाठी संगीतकार टेरी रायलीने संगीत बांधलं होतं. बस्स, परत वाचनमात्र.

रातकिडी

मंडळी, गेली दोन आठवडे गप्प होते कारण काम चालू होतं. शेवटच्या विजेच्या खांबापासून दोन-अडीच किलोमीटर आत, माळावर, रात्री एक ते पाच. चौकट दगडांत रोवली. घड्याळ, फोन, टोपीवरचा दिवा, सगळं पन्नास पावलं लांब ठेवलं. हेडफोन घातल्यावर पहिली दहा मिनिटं मला वाटलं वायर सुटली, इतकं शांत. घूं गेला की काय होतं ते शब्दांत नाही सांगता येत. मग एकेक तडतड यायला लागली, आणि तीनच्या सुमाराला ट्वीक. मिनिटाला वीस-पंचवीस, वेगवेगळ्या उंचीवरून सुरू होऊन सगळे एकाच सुरावर येऊन टेकणारे. मंद्रसप्तक, पेटी काढून तपासा.

चाळीस मिनिटांची फाइल चढवलीय. काटछाट नाही, काही मिसळलेलं नाही, सूर हलवलेला नाही. लहर, वेटोळं, प्रीअँप, रेकॉर्डर.

मंद्रसप्तक

पेटी समोर घेऊनच ऐकतोय. पांढरी सहाच्या केसभर खाली. म्हणजे छत ८५च्या किंचित वर? वा.

शंकासुर

रातकिडी, सुरेख आहे. मनापासून. पण बाराव्या मिनिटाला कुत्रं भुंकतंय.

रातकिडी

हो, लांब वस्तीवरचं. का?

शंकासुर

कुत्रं कॉइलमध्ये कसं भुंकलं?

ओम_चा_नियम

:)))

रातकिडी

अरे देवा. रेकॉर्डरचा आतला माइक उजव्या चॅनेलवर चालूच राहिला होता. 'काही मिसळलेलं नाही' म्हणून ठणकावून वर लिहिलंय ते तसंच राहू द्या, पुसत नाही. उजवा बंद करून नुसता डावा ऐका, कॉइल तिथे आहे. आत्ता मीही ऐकला. कुत्रं गेलं, माझ्या चपलांचा आवाज गेला, रातकिडेही गेले. ट्वीक आहेत.

नवा गडी

मी दोन्ही चॅनेल चालू ठेवून ऐकतोय. डाव्या कानात तीन हजार किलोमीटरवरची वीज, उजव्यात कुत्रं. हे असंच ठेवा ना!

शंकासुर

तीन हजार कुठून काढलेत?

नवा गडी

…घड्याळासारखंच झालं का परत?